ऊनवाऱ्याच्या भांडवलावरील धंदे : सातारा व सांगली

कोणत्याहि गांवच्या पारावर चार शेतकरी बसले म्हणजे थोड्याच वेळांत बोलणें एका गोष्टीवर येऊन ठेपतें : आपल्याकडे एखादा कारखाना निघाला पाहिजे. ही इच्छा रास्त आहे. जमिनीचे तुकडे पडत गेले, पूर्वीं जेथें एक कुटुंब नांदे तेथें आज तीन चुली पेटतात, आणि शिकलेलीं मुलें पुण्या-मुंबईची वाट धरतात. तेव्हां शेतीला जोड हवी हें कोणीहि नाकारणार नाहीं. परंतु त्या कारखान्याचें जळण कोठून यावयाचें, त्याचें सांडपाणी कोणत्या ओढ्यांत जावयाचें आणि वर्षअखेर नफ्याची थैली कोणाच्या घरीं जावयाची, ह्या तीन प्रश्नांची चर्चा पारावर क्वचितच होते. आमच्या मतें धंद्याची परीक्षा ह्या तीन प्रश्नांनींच व्हावी, आणि ती लावून पाहण्यास सातारा व सांगली ह्या दोन जिल्ह्यांइतकें सोयीचें ठिकाण दुसरें नाहीं.

ह्या मुलखास कारखान्यांचें वावडें कधींच नव्हतें. १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं औंध संस्थानांतील निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली आणि लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या हातीं दिला. लोखंडानें जमीन नासते असा समज तेव्हां होता, तो मोडावयास त्यांस बराच काळ लागला. १९१६ सालीं कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कांचकारखाना निघाला व तेथला ‘प्रभाकर’ कंदील घरोघरीं लागूं लागला. हा कारखाना पुढें बंद पडला; किर्लोस्करवाडीचे पंप मात्र अजून विहिरींवर चालतात. हे उद्योग थोर खरेच. पण लोखंड व कोळसा ह्या मुलखांत पिकत नव्हता, तो दुरून आगगाडीनें आणावा लागे. आज आम्हांस ज्या धंद्यांविषयीं लिहावयाचें आहे त्यांचा कच्चा माल शेतांतला, आणि त्यांचें जळण म्हणजे येथलेंच ऊन व वारा.

दोन्ही जिल्हे मुळांत एकच. १९४९ सालीं दक्षिण सातारा म्हणून जो भाग वेगळा काढला तो १९६० पासून सांगली ह्या नांवानें ओळखला जातो. पश्चिमेस सह्याद्रीचा माथा आहे. महाबळेश्वरीं वर्षाकाठीं साडेपांच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेस सुमारें दीडशे किलोमीटरांवर आटपाडीकडे यावें, तर हाच आंकडा पांचशेंच्या आसपास येतो. माण, खटाव, आटपाडी, कवठे महांकाळ, जत हे सारे तालुके ह्या डोंगराच्या आडोशाचे. येथल्या शेतकऱ्यानें कोरड्या वाऱ्यास पिढ्यान् पिढ्या शिव्या दिल्या, आणि त्यांत त्याची चूक नव्हती. उभी ज्वारी ज्याच्या डोळ्यांदेखत करपते त्यानें दुसरें काय करावें? परंतु फेब्रुवारी ते एप्रिल ह्या तीन महिन्यांत माळावरचा जो वारा ओलें धोतर घटकाभरांत वाळवितो, त्याच्यावरच आतां एक मोठा धंदा उभा आहे. तो म्हणजे बेदाण्याचा.

सांगलीहून सोलापुराकडे जातांना नागजच्या परिसरांत रस्त्याच्या दोहों बाजूंस लांबच लांब उघड्या शेडी दिसतात. वर पत्रा किंवा कापड, खालीं लोखंडी सांगाडा, आणि त्यांत एकावर एक दहा-बारा थर जाळ्या ताणलेल्या. भिंती मुळींच नाहींत, कारण भिंत घातली कीं धंदाच संपला. तासगांव, मिरज, पलूस येथले बागाईतदार आपलीं द्राक्षें गाड्या भरभरून ह्या माळावर आणतात. बाग जेथें, तेथें वारा नाहीं; वारा जेथें, तेथें पूर्वीं बाग नव्हती. म्हणून माल वाऱ्याकडे जातो. शेतकरी शेडवाल्यास किलोमागें ठरलेली मजुरी देतो आणि तयार बेदाणा घेऊन परततो. पुष्कळांनीं आतां स्वतःच्या शेडी घातल्या आहेत.

कृति सोपी दिसते, पण तिच्यांत खुब्या आहेत. द्राक्षांत साखरेचा अंश २२ च्या पुढें गेल्यावांचून घड तोडूं नये. उतावळेपणानें आंबट माल तोडला तर बेदाणा हलका, सुरकुतलेला व बेचव होतो, आणि वजनांत जें नुकसान होतें तें कोणत्याहि औषधानें भरून येत नाहीं. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा अति पातळ थर असतो व तो आंतलें पाणी बाहेर येऊं देत नाहीं. म्हणून घड पोटॅशियम कार्बोनेट व बेदाण्याचें तेल घातलेल्या पाण्यांत दोन-चार मिनिटें बुडवितात. तेलानें मेणाचा थर विस्कळीत होतो, पाण्यास वाट मिळते, आणि जें द्राक्ष तसेंच ठेवलें तर महिनाभर वाळणार नाहीं तें बारा ते पंधरा दिवसांत वाळतें. ही युक्ति आपल्याकडे नवी असली तरी जगांत फार जुनी आहे. भूमध्य समुद्राच्या कांठचे शेतकरी लांकडाच्या राखेचें पाणी व जैतुनाचें तेल एकत्र करून त्यांत द्राक्षें बुडवीत. राखेंतला क्षार तोच, तेलाचें कामहि तेंच. उन्हांत वाळविलेला माल तांबूस होतो. सावलींत, निव्वळ वाऱ्यावर वाळविलेला माल हिरवट व रसरशीत राहतो, आणि भाव ह्या हिरव्या रंगास असतो. मालांत ओलावा शेंकडा पंधराच्या आसपास उरला म्हणजे जाळ्या हलवून तो खालीं पाडतात. मग काड्या काढणें, धुणें, निवडणें ही कामें चालतात. निवडणीवर बहुतेक बायकाच असतात, व दुष्काळी गांवांतील कितीतरी घरांचा उन्हाळा ह्या मजुरीवर निघतो.

आतां ह्या वाऱ्याचें मोल किती, याचा हिशेब आम्ही मांडून पाहिला. चार किलो द्राक्षांचा स्थूलमानानें एक किलो बेदाणा होतो. म्हणजे एक टन बेदाण्यामागें तीन टन पाणी हवेंत उडून जातें. हेंच पाणी भट्टी लावून उडवावयाचें झालें तर नुसत्या उष्णतेच्या हिशेबानें सुमारें अर्धा टन वाळलेलें जळण लागेल. परंतु साध्या भट्टींत दोन तृतीयांश उष्णता वायां जाते, म्हणून प्रत्यक्षांत दीड टनाच्या घरांत लांकूड जाळावें लागेल. एक टन बेदाण्यामागें दीड टन लांकूड! हा खर्च माळावरचा वारा करतो, आणि त्याची पावती कोणी मागत नाहीं. राख नाहीं, धूर नाहीं, मीटर नाहीं. ज्या भागांत बाभळीचें खोडहि दुर्मिळ झालें आहे तेथें लांकडावर हा धंदा उभा केला असता तर दहा वर्षांत डोंगर बोडके होऊन धंदाहि बुडाला असता.

ह्या धंद्याची दुसरी गोष्ट अशी कीं, त्याचें बीहि येथलेंच. तासगांव तालुक्यांतील बोरगांवचे वसंतराव आर्वे यांनीं थॉम्सन सीडलेस द्राक्षाच्या आपल्या बागेंतून लांबट मण्याचा जो वाण निवडून काढला, तोच ‘तास-ए-गणेश’ ह्या नांवानें महाराष्ट्रभर गेला. शाळेंत न शिकवितां येणारी नजर बागाईतदारास असते ती अशी. २०१६ सालीं सांगलीच्या बेदाण्यास भौगोलिक मानांकन मिळालें. त्याचा उपयोग आपण कितपत करतों तें पुढें सांगूं.

धंद्यास बाधा नाहींत असें मात्र कोणी समजूं नये. सर्वांत मोठी बाधा अवकाळी पावसाची. आमचाच अनुभव सांगतों. एका वर्षीं मार्चअखेर आम्हीं आमचा माल दुसऱ्याच्या शेडींत घातला होता. नऊ दिवस झाले होते, आणखी चार-पांच दिवसांचें काम. संध्याकाळीं पश्चिमेस वीज चमकली, आणि रात्रीं दोनच्या सुमारास वाऱ्यासह पाऊस आला. बाजूच्या ताडपत्र्या गुंडाळून ठेवलेल्या होत्या. त्या सोडावयास शेडवर एकहि माणूस नव्हता. शेडवाल्याचें नांव येथें घेण्याचें कारण नाहीं, तो गृहस्थ वाईट नाहीं. मजुरी वांचविण्याकरितां त्यानें रात्रीचा गडी ठेवला नव्हता एवढेंच. सकाळीं आम्ही पोहोंचलों तों पडवळासारखे घड जाळीवर लोंबत होते. तीन दिवस हवा दमट राहिली, माल काळा पडला, खालच्या थरांस बुरा आला. हिरव्याच्या भावानें जाणारा बेदाणा काळ्याच्या भावानें, म्हणजे निम्म्याहून कमी किंमतीस द्यावा लागला. एका रात्रीच्या गड्याचा पगार किती, आणि आमचें नुकसान किती! तेव्हांपासून ताडपत्री कोण सोडणार हें विचारल्यावांचून आम्ही कोणाच्या शेडींत माल घालीत नाहीं. अवकाळी पाऊस अलीकडे वरचेवर येऊं लागला आहे. तेव्हां हा प्रश्न प्रत्येकानें विचारावा.

दुसरी बाधा विक्रीची. वाळविण्यास एक पै न मागणारा धंदा विकण्याच्या वेळीं मात्र पुष्कळ मागतो. सौद्यांत पेटी फोडून मुठीमुठीनें माल पाहावयाचा, आवडला नाहीं तर जमिनीवर टाकावयाचा. पेटीमागें तूट धरावयाची. आणि पैसे हप्त्यांनीं द्यावयाचे, ह्या रीती बागाईतदारांस ठाऊक आहेत. भाव पडलेला असतां माल थांबवून धरावा तर शीतगृहाचें भाडें चढत राहतें, आणि शीतगृह चालतें विजेवर. म्हणजे वाऱ्यानें जें फुकट दिलें त्यांतला एक हिस्सा विजेच्या बिलांत जातो. शीतगृहांचीं छपरें मोठीं व सपाट असतात, आणि ऊन ह्या भागांत वर्षाचे आठ-नऊ महिने लख्ख पडतें. उन्हाचा जोर व गारव्याची गरज ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं वाढतात, म्हणून सूर्यविजेच्या तावदानांस ह्याहून योग्य छप्पर सांपडणार नाहीं. ज्यांनीं तीं बसविलीं नाहींत त्यांनीं निदान हिशेब करून पाहावा.

बाकी वाऱ्याचा विषय निघाला आहे तर साताऱ्याकडेहि पाहिलें पाहिजे. चाळकेवाडीच्या पठारावर व कोयनेच्या जलाशयावरील वनकुसवड्याच्या माथ्यावर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत. गेल्या शतकाच्या अखेरीस ह्या माथ्यांवर त्या फिरूं लागल्या, तेव्हां आशियांतील मोठ्या पवनविद्युत केंद्रांत त्यांची गणना झाली. त्यांतून धूर निघत नाहीं, ही गोष्ट चांगलीच. परंतु आमच्या तिसऱ्या प्रश्नाचें, म्हणजे थैली कोणाच्या घरीं जाते याचें, उत्तर येथें निराळें येतें. डोंगरावरच्या शेतकऱ्यास जमिनीचा मोबदला एकदांच मिळाला, कांहींजणांस राखणदारीचें काम मिळालें, आणि चक्कीचें भांडवल, वीज व नफा हीं सर्व दुसऱ्याचीं राहिलीं. नागजच्या माळावर जो वारा वाहतो त्याचा पैसा शेतकऱ्याच्या घरांतून फिरतो. चाळकेवाडीच्या माथ्यावरून जो जातो तो तारेंतून निघून जातो. धंदा निर्मळ असला म्हणजे गांवाचें भलें होतेंच असें नाहीं. पुढें ज्या गांवाकडे अशा कामास जमीन मागावयास कोणी येईल, त्यानें विक्रीऐवजीं भाडेपट्टा व उत्पन्नांत वांटा मागावा. जमीन एकदां गेली कीं बोलणें संपलें.

आतां वाऱ्याकडून मातीकडे वळूं. सांगलीजवळ कृष्णा व वारणा यांच्या संगमावर हरिपूर गांव आहे. सांगलीची हळदपेठ देशांत नांवाजलेली, आणि त्या पेठेचें खरें कोठार दीर्घकाळ हरिपूरच्या जमिनीखालीं होतें. तेथील माती घट्ट व चिवट. तींत दोन-तीन पुरुष खोल, तोंडास अरुंद व पोटास रुंद असें पेव खणीत. भिंती शेणमातीनें लिंपून, तळास व बाजूंस पाचट व चटया लावून वाळलेली हळद भरीत आणि तोंड मातीनें बंद करीत. आंत उजेड नाहीं म्हणून रंग उतरत नाहीं. हवा नवी येत नाहीं म्हणून थोड्याच दिवसांत आंतला प्राणवायु संपतो व किडा गुदमरून मरतो. औषध नको, वीज नको, पत्र्याचें गोदाम नको. अशा पेवांत हळद वर्षानुवर्षें टिके. पेव उघडण्याचें काम मात्र जोखमीचें. तोंड उघडून बराच वेळ वाट पाहावी लागे; कंदील खालीं सोडून तो विझतो कीं काय तें बघितल्यावांचून जाणता गडी आंत पाय टाकीत नसे. हें काम करणारीं माणसें ठरलेलीं असत व त्यांचें ज्ञान बापाकडून मुलाकडे जाई.

२००५ सालच्या महापुरानें ह्या व्यवस्थेवर मोठा घाला घातला. कृष्णेचें पाणी पेवांत शिरलें, हळद कुजली, आणि व्यापाऱ्यांचा पेवांवरचा भरंवसा उडाला. त्यानंतर २०१९ व २०२१ सालींहि पूर आले. आज थोडींच पेवें उरलीं आहेत व पेठेंतील हळद गोदामांत आणि शीतगृहांत जाते. आम्ही जुन्याचे आंधळे भक्त नाहीं. ज्या जागीं पूर येतो तेथें पुन्हां पेव खणा असें कोणासहि सांगणार नाहीं. परंतु पेवाची युक्ति म्हणजे खड्डा नव्हे. हवाबंद कोठडी ही त्याची युक्ति होय. तीच युक्ति जाड, हवा न जाणाऱ्या पिशव्यांनीं पुराच्या रेषेवर, घराच्या माळ्यावरहि साधतां येते, आणि धान्यासाठीं अशा पिशव्या ठिकठिकाणीं वापरांत आहेत. कसबे डिग्रज येथें हळदीचें संशोधन केंद्र आहे. आपल्या संघानें तेथील तज्ज्ञांच्या देखरेखीखालीं शंभर-दोनशें पोतीं अशीं ठेवून पाहावीं. किडीचा, रंगाचा व वजनाचा हिशेब वर्षानें बाहेर येईल. हळद शिजविण्याच्या बाबतींतहि असाच पालट झाला आहे. उघड्या काहिलींत पाण्यांत शिजविण्यापेक्षां बंद पिंपांत वाफेवर शिजविल्यास जळण, पाणी व वेळ तिन्ही वांचतात आणि हळकुंड सारखें शिजतें. ज्यांच्याकडे अजून काहीलच आहे त्यांनीं गांवांत भागीनें एक वाफेचें यंत्र आणविण्यास हरकत नाहीं.

पश्चिमेकडील डोंगराळ गांवांचा धंदा निराळा, तो फुलोऱ्याचा. महाबळेश्वराजवळचें मांघर हें लहानसें गांव २०२२ च्या मे महिन्यांत ‘मधाचें गांव’ म्हणून जाहीर झालें. देशांतील असें तें पहिलें. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचें मध संचालनालय महाबळेश्वरींच आहे. तेथील सातेरी मधमाशी पेटींत नांदते, आणि जांभूळ, हिरडा, गेळा, पिसा यांच्या फुलोऱ्यावर मध जमविते. कारवी सात-आठ वर्षांतून एकदां फुलते त्या वर्षाची तर वाटच पाहिली जाते. पूर्वीं पोळें पिळून मध काढीत, त्यांत अंडीं-पिल्लीं सर्व मरत. पेटींतून मध काढतांना पोळें जसेंच्या तसें माशांस परत मिळतें. येथें जंगल हाच कारखाना. तें जळलें किंवा तुटलें तर धंदा संपला, म्हणून वणवा विझवावयास ह्या गांवांतला माणूस दुसऱ्याची वाट पाहत नाहीं. आमच्या सखल भागांतील वाचकांनीं ह्यांत एक गोष्ट आपली म्हणून पाहावी. सूर्यफूल, कांद्याचें बी व डाळिंब यांस माशांचें येणें-जाणें हवें असतें. फुलोऱ्याच्या वेळीं सकाळीं औषध मारणारा शेतकरी आपल्याच पिकाचे मजूर मारतो. फवारणी करणें भागच असेल तर ती सूर्यास्तानंतर करावी.

आतांपर्यंत गोड बोललों. कडू बोलण्याची वेळ उंसाची आहे. ऊस व साखर हा ह्या दोन्ही जिल्ह्यांतील सर्वांत मोठा शेतीजन्य उद्योग, आणि तो बहुतांशीं सभासदांच्या मालकीचा आहे, म्हणजे आमच्या तिसऱ्या प्रश्नास तो उत्तम उतरतो. एक टन उंसांतून पावणेतीनशें ते तीनशें किलो चोयटा निघतो. तो बॉयलरमध्यें जाळून कारखाना स्वतःची वीज करतो व उरलेली विकतो. मळीपासून मद्यार्क होतो, आणि पेट्रोलमध्यें शेंकडा वीस मद्यार्क मिसळण्याची मजल देशानें २०२५ सालीं गांठली. गाळण्यांतील प्रेसमडचें खत किंवा वायु होतो. कागदावर पाहिलें तर ह्या धंद्यांत फुकट जाण्यासारखें कांहींच नाहीं.

परंतु मद्यार्काच्या एका लिटरमागें आठ ते बारा लिटर काळें पाणी उरतें. तें नदींत गेलें तर पाण्यांतील प्राणवायु खाऊन टाकतें. तें आटवून, खतांत मिसळून किंवा जाळून संपविण्याची विद्या आज उपलब्ध आहे आणि कायद्यानें तें बंधनकारकहि आहे. तरी २०२३ च्या मार्चमध्यें सांगलीजवळ कृष्णेंत माशांचा खच पडला. तो दोष कोणत्या कारखान्याचा, कोणत्या शहराच्या गटाराचा, ह्याचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, जो शेतकरी कारखान्याचा सभासद आहे त्यानें वार्षिक सभेंत पहिला प्रश्न उंसाच्या भावाचा विचारावा, तो त्याचा हक्कच आहे. पण दुसरा प्रश्न काळ्या पाण्याचा विचारावा. ह्या वर्षीं किती लिटर निघालें, किती आटविलें, आणि बाकीचें कोठें गेलें, हे तीन आंकडे अहवालांत छापून मागावेत. खालच्या गांवचा शेतकरी तेंच पाणी उपसतो आणि बहुधा तोहि त्याच कारखान्याचा सभासद असतो.

आपल्या शेतांतील दोषहि लपवूं नये. उंसाचें हेक्टरी आठ-दहा टन पाचट आपण एका काडीनें जाळून टाकतों. फलटण येथें बी. व्ही. निंबकर यांनीं १९६८ सालीं स्थापिलेल्या निंबकर कृषि संशोधन संस्थेंत डॉ. अनिल राजवंशी यांनीं हेंच पाचट व चोयटा बंद भट्टींत अर्धवट जाळून त्याचा जळाऊ वायु करण्याचें यंत्र तयार केलें होतें. तें घरोघरीं गेलें नाहीं. पाचट गोळा करून वाहून नेण्याचा खर्च आडवा आला. म्हणून आमचा सल्ला साधा आहे : पाचट जागच्या जागीं सरींत दाबावें, वर थोडा युरिया व जिवाणूखत टाकावें. खोडव्यास पाणी कमी लागतें आणि जमिनीचा कस राहतो.

शेवटीं मानांकनाविषयीं जें सांगावयाचें ठेविलें होतें तें. सांगलीच्या बेदाण्यास २०१६ सालीं व हळदीस २०१८ सालीं मानांकन मिळालें. कोरेगांवकडील वाघ्या घेवड्यास आणि महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीसहि तें आहे. परंतु १९९९ च्या कायद्याप्रमाणें, ज्या शेतकऱ्यानें नोंदणीकृत वापरकर्ता म्हणून आपलें नांव दाखल केलें असेल त्यासच तें चिन्ह पेटीवर लावतां येतें. नोंदणी न करितां दुसऱ्याच्या पिशवींत माल भरला तर सांगलीचें नांव दुसराच विकतो, आणि आपण मात्र मानांकन मिळाल्याचे पेढे खाऊन मोकळे. आपल्या संघांतील ज्या बागाईतदारांस ही नोंदणी करावयाची असेल त्यांनीं सातबारा, पिकाची नोंद व ओळखपत्र घेऊन कार्यालयांत यावें; अर्ज एकगठ्ठा पाठविले तर काम लवकर होतें.

दहा-बारा जणांनीं मिळून शेड घालावयाची कल्पनाहि कांहींजणांनीं आमच्याजवळ काढली आहे. ती चांगली आहे. एकट्याची शेड वर्षांतून दीड महिना चालते व दहा महिने रिकामी राहते. दहाजणांनीं घातली तर भांडवल वांटलें जातें, रात्रीचा गडी ठेवणें परवडतें, आणि माल एकजात झाल्यानें मोठा व्यापारी दाराशीं येतो. फक्त पाळी कोणाची पहिली, ह्यावर भांडण होणार हें धरूनच चालावें. ऑक्टोबरच्या छाटणीच्या वेळींच छाटणीच्या तारखा आठ-आठ दिवसांच्या अंतरानें वांटून घेतल्या तर द्राक्षें एकदम पिकत नाहींत व शेडवर गर्दी होत नाहीं. जागा माळाच्या उंचवट्यावर, रस्त्याच्या धुरळ्यापासून दूर पाहावी, आणि शेडची लांब बाजू वाऱ्यास आडवी ठेवावी. ह्या उन्हाळ्यांतच मार्चमध्यें त्या जागेवर दोन उंच काठ्या रोवून त्यांस फडकीं बांधावीं. सकाळ, दुपार व संध्याकाळ वारा कोणीकडून येतो तें आठ दिवस वहींत टिपावें आणि मगच खांबांचे खड्डे घ्यावेत.